न कापलेलं कापड

गल्लीतल्या बायका तिला कात्रीकाकू म्हणत. हे नाव धंद्यावरून पडलं की जिभेवरून, याबद्दल दुमत होतं. बावीस वर्षं तिचं मशीन पुढच्या खोलीच्या खिडकीशी होतं. दिवाळीआधीचे पंधरा दिवस म्हणजे तिचा हंगाम. बाकी घरांत गाद्या उन्हात पडत, पणत्या पाण्यात भिजत, आणि तिच्याकडे कापडांचे ढीग लागत.

यंदा ढीग नव्हता. तीनच परकर आले होते, तेही नाडी घालायला.

कारण मागची दिवाळी. लक्ष्मीपूजनाला जमलेल्या वीसेक बायकांसमोर थोरली जाऊ ठसक्यात म्हणाली होती, "हिच्या हातात मीटरभर कापड द्या, मागे पाऊणच येतं. बाकीचं कुठं जातं ते लक्ष्मीलाच ठाऊक!" बायका हसल्या. कात्रीकाकूही हसली, कारण हातात आरतीचं ताट होतं. पण ते हसू तिने वर्षभर गिळलं नाही, गालात धरून ठेवलं.

आणि यंदा सणाला आठ दिवस असताना जाऊबाईंचा शिंपी आजारी पडला. त्या स्वतः आल्या. ब्लाऊजसाठी जरीचं जांभळं कापड मशीनवर टाकून म्हणाल्या, "मीटरभर आहे गं. पूजेला घालायचंय, तेव्हा नीट शिव."

गिऱ्हाईक समोर असतानाच कापड मोजायचं, हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा नेम. पण जाऊबाई दारात आल्याच्या रागात ती तो विसरली. त्या गेल्यावर टेप लावली. ऐंशी सेंटीमीटर. पुन्हा लावली. तेवढंच.

म्हणजे पूजेच्या दिवशी पुन्हा तेच ऐकायचं! आणि आता तर राहिलेली तीन गिऱ्हाइकंही जाणार.

तिने कापडाला खडूही लावला नाही. रोज जाऊबाईंचा निरोप येई, "झालं का?" आणि रोज ती गोड आवाजात सांगे, "होतंय."

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ती तशीच्या तशी घडी घेऊन गेली. दारात रांगोळी, आत बायकांची वर्दळ. जाऊबाई नवी जांभळी साडी नेसून ब्लाऊजची वाट बघत बसल्या होत्या.

"दे बाई लवकर. अगं... हे तर कापडच!"

"कापलं नाही. म्हटलं, आधी सगळ्यांसमोर मोजावं. धरा एक टोक."

"आज? मुहूर्ताच्या वेळी? वेडी झालीस का?"

"लक्ष्मीच्या दारात वजनमाप चोख असावं, जाऊबाई."

समोरची शिक्षिकाबाई चष्मा सावरत पुढे आली आणि तिनेच टेप धरली. "ऐंशी," ती मोठ्याने म्हणाली. कोणीतरी "अगंबाई!" केलं.

"दुकानदाराने फसवलं असेल," जाऊबाई पुटपुटल्या.

पण कात्रीकाकूची नजर चौरंगावर गेली होती. लक्ष्मीच्या तसबिरीखाली जांभळी जरीची पट्टी अंथरलेली, एका बाजूला अजून कच्ची कड. तिने आसनाला हात लावला नाही. फक्त वाकून आपल्या हातातलं कापड शेजारी धरलं. जरीची वेल तिथून इथे सरळ चालत आली.

"वीस सेंटीमीटर," ती म्हणाली. "चोरी नाही झाली हो. देवीनेच घेतलंय."

यावेळी बायका हसल्या ते जाऊबाईंकडे बघून. जाऊबाई जुन्या पिवळ्या ब्लाऊजवर पूजेला बसल्या. जांभळ्या साडीवर तो असा दिसत होता की आरतीभर कात्रीकाकूने डोळे मिटले नाहीत.

पाडव्याला सकाळी जाऊबाईंची सून मिठाईचं ताट घेऊन आली. "काकू, सासूबाई म्हणतात, झालं गेलं विसरून जा."

"मिठाई ठेव. आणि त्यांना सांग, बोलल्या होत्या वीस बायकांसमोर, आता विसरा म्हणायलाही वीस जणी गोळा करा. मी येईन. कामं आवरून."

सून गेली. आत तीन बायका कापडं घेऊन बसल्या होत्या. मागच्या वर्षी मोठ्याने हसलेल्याच. कात्रीकाकूने मिठाईचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चघळला, आणि मग त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.