सगळीकडे चालणारी गाडी

माझ्या धाकट्या भावाचं गॅरेज पाटनच्या रस्त्याला आहे. गॅरेजमागच्या टिनाच्या शेडमध्ये एक सेडान उभी आहे. इंजिन काढलेलं, सीटा काढलेल्या, आतला रंग खरवडून पत्रा उघडा केलेला. ती शर्यतीची गाडी व्हायची होती. झाली नाही, आणि आता होणारही नाही. ती न होण्यात माझा जेवढा हात आहे तेवढा दुसऱ्या कोणाचा नाही.

टूरिंग कारची शर्यत म्हणजे साध्या चारदारी गाड्यांची शर्यत. ज्या गाडीत लोक पोराबाळांना घेऊन भेडाघाटचा धबधबा पाहायला जातात, तशीच गाडी आतून रिकामी करून, मजबूत करून ट्रॅकवर उतरवायची. भावाला तेच आवडायचं. म्हणायचा, "विमानासारखी गाडी आपल्या बापाच्यानं नाही बनणार दादा, पण हे आपल्याच गिऱ्हाइकाची गाडी आहे ना." अडचण एवढीच की अशा शर्यतींच्या मालिका देशोदेशी वेगळ्या, आणि प्रत्येकीचं नियमांचं पुस्तक वेगळं.

हे त्याला मलेशियात कळलं. दक्षिणेतल्या एका टीमबरोबर तो मेकॅनिक म्हणून गेला होता. आपल्याकडे पास झालेली गाडी तिथल्या तपासणीत अडकली. अपघातात छत दबू नये म्हणून गाडीच्या आत नळ्यांचा पिंजरा जोडतात, त्यातल्या काही नळ्या तिथल्या नियमापेक्षा बारीक निघाल्या. शर्यत होईपर्यंत गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली आणि तशीच बोटीनं परत आली. भाऊ घरी आला तो हेच बोलत. "गाडी तेच, डांबरबी तसंच. फक्त किताब वेगळी. दादा, मी अशी गाडी बनवतो जे सगळीकडे चालन."

गाडी चालवणार होती त्याची मुलगी. गॅरेजच्या अंगणातच ती गाडी शिकली. दक्षिणेतल्या ट्रॅकवर भाड्याच्या गाडीत दोनदा चालवून आली, तेव्हा तिथल्या शिकवणाऱ्यांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हिला थांबवू नका. आमचं शहर हिंदी मुलखातलं, त्यामुळे तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

माझं काम वाचण्याचं. नियमांची पुस्तकं इंग्रजीत असतात, आणि घरात इंग्रजी माझं. रविवारी विहारात वंदना झाली की मी प्रिंट घेऊन सरळ शेडमध्ये. भाऊ मला एकुलती एक खुर्ची द्यायचा, स्वतः टायरवर बसायचा, आणि मी एकेक कलम समजावून सांगायचो. त्याच काळात बातम्या येऊ लागल्या की निरनिराळ्या देशांच्या मालिका नियम जवळ आणायचा विचार करताहेत. एकच तांत्रिक पुस्तक. गाडी एकदा बांधायची आणि कुठेही न्यायची. मी ती बातमी शेडमध्ये वाचून दाखवली तेव्हा भाऊ टायरवरून उठला. त्यानं गाडीच्या छतावरून हात फिरवला.

आमचे वडील विदर्भातून इथे आले ते गाड्यांच्या सरकारी कारखान्यात. मीही तिथेच, नकाशा विभागात. कारखान्यात एक रीत आहे, आणि ती आमच्या घरात पाळली जायची: नकाशावर सही झाल्याशिवाय पत्र्याला आरी लावायची नाही. वडिलांनी घराचं माजघरसुद्धा कागदावर काढून, स्वतः सही करून मग बांधलं. कारखान्यात ती रीत बरोबरच आहे. मी ती शेडमध्ये नेली.

भावानं पिंजऱ्यासाठी चांगल्या, सांधा नसलेल्या नळ्या आणून ठेवल्या होत्या. पिंजरा एकदा जोडला की तो कोणत्या पुस्तकाप्रमाणे, हे कायमचं ठरतं. त्यानं विचारलं, "कापू का?"

"थांब," मी म्हणालो. "सगळ्यांचा एकच नियम येऊन राहिला. मंग एकदाच कापजो."

"येऊन राहिला म्हणजे कधी?"

"बोलणी सुरू आहेत."

चहा घेऊन आलेली भावजय म्हणाली, "बोलणी म्हणे. आमच्या लग्नाची बोलणी एका दुपारी झाली होती भाऊजी. हे लोक काहून इतका वेळ लावून राहिले? हुंडा मागते का कोणी?"

आम्ही हसलो. पण तिचं बोलणं खरं निघालं. प्रत्येकाला काही ना काही हवं होतंच. एका मालिकेचा टायर ठरलेला, दुसरीचा वेगळा, आणि दोघींचं घर आपापल्या टायरवाल्याच्या पैशावर चाललेलं. एका देशाला आपल्याकडे बनणारी गाडी पुढे राहायला हवी. कुठे मोठ्या कंपन्यांनीच बांधलेली गाडी चालते, कुठे गॅरेजवाल्यालाही मुभा. वेगवान गाडीवर वजन लादून सगळ्यांना बरोबरीत आणायची पद्धत बहुतेकांकडे आहे, पण किती वजन हे ज्याचा तो ठरवतो. मग मधेच विजेच्या गाड्या आल्या आणि निम्मे लोक त्यांच्या नियमांकडे वळले. दरवर्षी एखादं निवेदन यायचं की चर्चा सकारात्मक आहे. काही मालिकांनी शर्यतीच्या वर्गाचं नाव एकसारखं केलं. पुस्तक उघडून पाहिलं तर आत जुनीच भांडणं.

हे मला भावाच्या कितीतरी आधी दिसलं होतं. आमच्या कारखान्यात दोन विभाग एका बोल्टच्या मापावर एकमत करत नाहीत. देश काय करणार? तरीही मी दर रविवारी म्हणत राहिलो, "थांब थोडा."

का म्हणत राहिलो, याचं मी स्वतःला दिलेलं उत्तर सावधगिरी हे होतं. ते खरं नाही. ऑफिसात माझं कोणी ऐकत नाही. घरी मुलं मोठी झाली, तीही ऐकत नाहीत. त्या शेडमध्ये मात्र माझा भाऊ टायरवर बसून माझ्या तोंडाकडे बघायचा. गाडी तयार झाली असती तर ती ट्रॅकवर गेली असती, आणि बाप-लेक तिच्याबरोबर गेले असते. माझी खुर्ची इथेच राहिली असती. मला गाडीपेक्षा तिची वाट पाहणं जास्त आवडत होतं.

पुतणीनं एकदा शहाणपणाची गोष्ट सांगितली होती. "मोठे पापा, सबका एक नहीं आ रहा तो किसी एक का बना लेते हैं ना. अपने यहाँ का. मैं एक ही जगह चला लूँगी."

"आणि उद्या सगळ्यांचा आला तर? कापलेला पिंजरा परत जुडते का?"

"तो नहीं जुड़ेगा," ती म्हणाली. "चलो, ठीक है."

तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं.

मधल्या काळात कंपनीनं ते मॉडेल बनवणं बंद केलं. मॉडेल बंद झाल्यावर काही वर्षांनी त्या गाडीला शर्यतीत घेत नाहीत, असं आपल्याच देशाच्या पुस्तकात आहे. ते कलम मी वाचलं होतं. वाचलं आणि पान उलटलं, कारण तोवर बाकीचं होईल असं मला वाटत होतं, किंवा वाटायला हवं होतं. या वर्षी मुदत संपली. जगाचं एकत्र पुस्तक आलं नाहीच, घरचं पुस्तकही मिटलं.

पुतणीला पुण्यात नोकरी लागली आहे. विमा कंपनीत, अपघातात सापडलेल्या गाड्या तपासून नुकसान ठरवायचं काम. ती गेली त्याच्या दुसऱ्या रविवारी मी शेडमध्ये गेलो, खुर्चीवर बसलो नाही, आणि भावाला मुदतीचं सांगितलं.

तो बॅटरीची टोकं घासत होता. घासतच राहिला. मग म्हणाला, "तुला कधी समजलं?"

"कलम जुनंच आहे."

"असं." त्यानं हात पुसले. "पोरीला नको सांगजो. ते तिथं मन लावून करून राहिली."

मला वाटलं आता तो मला चार शब्द सुनावेल. मी त्यासाठीच गेलो होतो. पण तो नळ्यांकडे गेला, एक उचलून डोळ्याला लावून सरळ आहे का पाहिलं, आणि म्हणाला, "तुझ्या जिन्याला कठडा नाही. वहिनी पडन एखाद्या दिवशी."

पुढच्या रविवारी तो नळ्या आणि आरी घेऊन माझ्या घरी आला. जिन्यावर नळी आडवी धरून त्यानं नखानं खूण केली. कागद नाही, मोजपट्टी नाही. माझ्या तोंडात शब्द आला होता: थांब, आधी माप काढू. भावानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो शब्द त्यालाही ऐकू आला असावा, कारण त्यानं थोडा वेळ आरी धरून ठेवली. मी नळीचं दुसरं टोक धरलं. मग त्यानं कापायला सुरुवात केली.

कठडा थोडा तिरका झाला आहे. मजबूत इतका की बायको म्हणते, भिंत पडेल पण हा नाही पडणार. रोज सकाळी ऑफिसला निघताना माझा हात त्यावरून घसरत खाली येतो.

परवा बातमी वाचली. दोन मालिकांचे लोक पुन्हा भेटले, सामायिक नियमांवर बोलणी सुरू आहेत. मी तिसऱ्या पायरीवर उभा होतो. खाली भाऊ स्कूटरवर बसून माझी वाट पाहत होता. विहाराच्या दिव्यांचं काहीतरी पाहायचं होतं.

"काय वाचून राहिला?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि उतरलो.