नाहीदनं जाडा लॅपटॉप घेतला

नाहीद म्हंजे गोंडपिपरीच्या इब्राहीमभाई गादीवाल्याची पोरगी. लहानपणापासून बापासंग काठीनं कापूस झोडपे, त्यानं खांदे असे भरले का ऑटोवाले बी तिच्यासंग भाड्यासाठी भांडत नाई.

पयले ते मोहल्ल्यातल्याच जिशानच्या ऑनलाइन सेंटरात पगारावर लोकायचे फॉर्म भरे. एक दिवस सर्वर अटकला, लाइन वाढली, अन् जिशाननं भरल्या दुकानात तिच्या कानाखाली ठेवून देल्ली. "हात चालव ना, झोपली का?"

ते रडली नाई. चपला घातल्या अन् निंघाली. दुसऱ्या दिवशी तिनं, अम्मीनं तिच्या निकाहासाठी पोस्टात टाकलेले पैसे काढले अन् चंद्रपूरची बस पकडली. गालावर चार बोटं तशीच होती.

चंद्रपूरले प्रफुल जुने लॅपटॉप विकते. नाहीदनं चमकनारा पातळ उचलला तं तो म्हने, "ताई, थो नको. पडला का मेला. हा पाह्य." काळा, जाडा, कोन्या हापिसातून निंघालेला, कोपरे घासलेले. प्रफुलनं झाकन लावलं अन् दोन्ही पाय ठेवून वर उभाच राह्यला! "दिसाले डुक्कर हाये, पन आतलं सारं बदलता येते."

मांगचे स्क्रू खोलले. खरखर करनारी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, चारची रॅम सोळा केली, पुरीसारखी फुगलेली बॅटरी फेकून नवी बसवली. चार्जर जुनाच, विटेएवढा जड.

"बारा हजाराच्या वर एक रुपया नाई," नाहीद म्हने.

"मंग बॅग नाई भेटन."

"बॅग माहा बाप शिवते." अन् खरंच बापानं रजईच्या कपड्यात कापूस भरून शिवून देल्ली.

गोंडपिपरीच्या तहसीलीच्या गेटजवळ तिचा टेबल लागला. लाइट बाजूच्या झेरॉक्सवाल्याचा. पंधरा दिवसांत जिशानची अर्धी गर्दी इकडं सरकली.

पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी अकरा जन उभे होते. वारलूभाऊ नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फॉर्म अर्धा भरला होता, अन् जिशान आला.

"उठ. इथचा धंदा माहा हाये."

"गेट काय तुह्या बापानं बांधलं?"

त्यानं लॅपटॉप उचलला, चार्जरची पिन उपटली अन् सिमेंटच्या पायरीवर आपटला. काडकन आवाज आला. वरून लात घातली.

नाहीदनं चार्जरची वायर हाताले गुंडाळली अन् फिरवली. पयल्यांदा चार्जरची वीट कानावर. दुसऱ्यांदा तोंडावर, दात पडला. जिशाननं तिची वेनी धरून डोकं टेबलाच्या धारेवर हानलं. रगत डोळ्यात गेलं, काईच दिसत नोतं, तरी तिचा हात कापूस झोडपल्यासारखा चालूच. तो खाली पडला तं ते छातीवर गुडघा देऊन बसली.

"ठेव ना आता कानाखाली! ठेव!"

वारलूभाऊनं मांगून ओढलं. "पोरी, सोड वं! मरन थो!"

"मरू दे."

हे तिनं इतकं शांत म्हनलं का वारलूभाऊ तिले सोडून मांगं सरकला. अजून दोनदा हानलं तिनं. मंग वायर तुटली, वीट नालीत जाऊन पडली, तवा कुठी थांबली. जिशान कान धरून सरपटत, उठत, पडत गेला.

नाहीदनं लॅपटॉप उचलला. कोपरा फुटला होता, बिजागरी लोंबून राह्यली होती. बटन दाबलं. स्क्रीनची उजवी बाजू काळीठिक्कर, डावी चालू! बॅटरी अडतीस टक्के. तिनं सारं डावीकडं ओढलं, ओढनीनं रगत पुसलं.

"वारलूभाऊ, सातबारा द्या."

त्याचा फॉर्म गेला. पावती मोबाइलवर आली. नाहीदनं मान वर केली तं अकरातले आठ गायब. जिशानच्या सेंटरात त्याचा भाऊ बसते, तिकडंच गेले असन. उरलेले तिघं दहा हातांवर उभे.

"पुढचं कोन?"

कोनी हललं नाई. मंग एक सीताबाई नावाची बुढी आली अन् बांधलेल्या कुत्र्याले भाकर सारावं तसे कागद लांबूनच टेबलावर सारले.

"जवळ या ना बाई," नाहीद म्हने, "मी काय तुमाले मारन का?"

बुढीनं तिच्या हाताकडं पायलं. वायर अजून गुंडाळलेलीच होती.

"मालूम नाई माय," बुढी म्हने.