आमच्या व्हॅनमधला तेरावा माणूस

किस्से तंबूतल्या वाळूसारखे असतात. कितीही झटका, घरी पोचल्यावर मोज्यातून, उशीच्या खोळीतून, लाडवाच्या रिकाम्या डब्यातून निघतच राहतात. मी शाळेत गेले नाही, त्यामुळे टिपून ठेवायची सोय नाही. सगळं डोक्यात साठतं. शेवटी सूनबाईला म्हटलं, घे बाई लिहून, म्हणजे माझं डोकं तरी झाडून होईल!

तर, आमच्या ह्यांनी जन्मभर पोस्टात नोकरी केली. तिथल्या एका कॅलेंडरवर मोठ्या लाल दरीचं चित्र होतं. वर्ष संपलं, कॅलेंडर गेलं, पण चित्र ह्यांनी कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. इकडे परदेशात, नेपरव्हिलला मुलाकडे आल्यावर पहिला प्रश्न, "राजू, ती दरी इथून किती लांब?"

राजूने बुकिंग केलं. डेन्व्हरहून व्हॅन, आठ दिवस, सहा जोडपी, रोज तंबूत मुक्काम. फॉर्मवर अडीअडचणीसाठी स्वतःचं नाव आणि नंबर लिहिला, आणि मला बजावलं, "आई, बाबा दगड गोळा करत कुठेही जातात, आणि तुला इंग्लिश येत नाही. तिथून मला एक जरी फोन आला, तर पुढचं विमान पकडून येईन आणि दोघांना घरी आणीन. ट्रिप कॅन्सल!"

हे म्हणाले, "फोन येणारच नाही."

मी लाडू वळायला घेतले.

*

व्हॅन चालवणारी, तंबू शिकवणारी, ओरडणारी, सगळं एकच बाई. डेबी. तिचं बोलणं मला कळायचं नाही, पण नेपरव्हिलजवळच्याच शॉमबर्गचे एक रिटायर्ड डॉक्टर आणि त्यांची बायको कुमुदताई बरोबर होते. कुमुदताई मला मराठीत सांगायच्या.

पहिल्या मुक्कामाला डेबी म्हणाली, चपला तंबूच्या आत ठेवा, बाहेर ठेवल्या तर विंचू जाऊन बसतो.

आता जिथे झोपायचं, तिथे उशाशी चपला? मला काही सुचेना. आत ठेवाव्या तर विटाळ, बाहेर ठेवाव्या तर विंचू! शेवटी नाडीने बांधून आमच्या दोन्ही जोड्या झाडाला टांगल्या.

सकाळी बघते तर डेबी झाडाखाली उभी, हात जोडून! तिला वाटलं, आमच्यात प्रवासाला निघताना असं करतात. दुसऱ्या मुक्कामाला झाडावर सहा जोडप्यांचे बूट लटकत होते.

*

अस्वलाची मला भीती नव्हती. डेबीची होती. तिने लोखंडी पेटी दाखवली. वासाचं जे असेल ते सगळं पेटीत, नाहीतर अस्वल तंबूत येतं. लाडू ठेवले. लोणचं ठेवलं. मग म्हणाली, टूथपेस्टही. ठेवली. मग म्हणाली, केसांचं तेलही!

मी ह्यांच्याकडे बघितलं. नुकतंच अर्धी वाटी खोबरेल डोक्यावर थापून बसले होते.

"कुमुदताई, तिला विचारा, ह्यांना बसतं करून ठेवू की आडवं?"

*

आता मुख्य गोंधळ. डेबीचा नियम असा की व्हॅन सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपल्या जोडीदाराकडे बघायचं आणि त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. ती कागदावर खूण करणार.

हे खणखणीत म्हणाले, "सुमन!" अख्ख्या व्हॅनमध्ये! मी पदर तोंडाला लावला.

माझी पाळी आली. ह्यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. त्यानंतर अहो, नाहीतर राजूचे बाबा. मी म्हटलं, "राजूचे बाबा आलेत."

डेबीने कागद बघितला. फॉर्मवर राजू होता! तिने डोकी मोजली. बारा. राजूसकट तेरा व्हायला हवीत. झालं! उतरली आणि राजूला शोधायला पुरुषांच्या बाथरूमच्या दाराशी जाऊन हाका मारायला लागली. मी कुमुदताईंना म्हटलं, "ही आमच्या राजूला तिथे का शोधतेय? तो तर नेपरव्हिलला मीटिंगमध्ये आहे!"

कुमुदताईंना हसू आवरेना, त्यामुळे समजावायला वीस मिनिटं लागली. तोवर डेबीने राजूला फोन लावायला घेतला होता. डॉक्टरांनी धावत जाऊन तिचा हात धरला, म्हणून वाचलो.

ती परत आली आणि ह्यांच्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "मग हा कोण?"

"राजूचे बाबा!"

डेबी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली.

*

त्या दिवशी जेवताना कुमुदताई म्हणाल्या, "सुमनताई, अहो घ्या की नाव. काही होत नाही. मी रोज घेते, चांगलं ओरडून घेते."

डॉक्टर ताटातून मान वर न करता म्हणाले, "म्हणूनच मला ऐकू कमी येतं."

हे गालात हसले. मला म्हणाले, "तुला जमणार नाही. राहू दे."

मला राग आला, पण खरंच होतं. माझ्या तोंडून ह्यांचं नाव कधी ह्यांनीच नीट ऐकलेलं नाही. उखाण्याच्या वेळी बायका इतक्या हसत होत्या!

*

सहाव्या दिवशी दरी आली. हे थेट कठड्याशी गेले. कॅलेंडरचं चित्र खिशातून काढून समोर धरलं, परत ठेवलं. मी जरा पाणी प्यायला वळले.

परत बघते तर कठडा रिकामा.

अर्धा तास झाला. डेबीने शिट्टी मारली. डॉक्टर हाका मारून आले. मी "अहो! अहो!" म्हणून ओरडले, तर गर्दीतल्या आपल्याकडच्या दोन अनोळखी पुरुषांनी दचकून मागे वळून पाहिलं. "राजूचे बाबा!" म्हटलं, कोणीच वळलं नाही.

डेबीने खिशातून फोन काढला. कुमुदताई हळूच म्हणाल्या, "सुमनताई, आता ती राजूला लावतेय. अर्ध्या तासाचा नियम आहे तिचा."

दरी बघून जेमतेम तास झालेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरायचं होतं, त्यासाठी हे रोज गुडघ्याला पट्टा बांधून सराव करत होते. एक फोन, की राजू विमानात.

मी कठड्याशी गेले. डोळे मिटले. नाव घ्यायचं, पण घ्यायचं कसं? त्या नावाने कोणी हाक मारलेली माझ्या कानात एकच होती, आमच्या सासूबाईंची, मागच्या दारात उभं राहून मारलेली. तोंड उघडलं आणि तशीच्या तशी बाहेर पडली.

"ए दत्त्याऽऽ! मेल्या, कुठे उलथलायस?"

दरीने ती चार वेळा म्हटली.

डेबीचा फोन हातातच राहिला. आणि खालच्या वाटेवरच्या झुडपामागून आमचे हे, पंचाहत्तर वर्षांचे, धावत वर आले. दोन्ही हातांतले दगड घाईघाईने टाकले, तळवे पँटला पुसले, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"आलो, आई!"