फोल्डरच्या वेषातला तोतया

वाचनताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. डोळ्यांत तेल घालून एकेक वेलांटी पकडणारी बाई. निवृत्त झाल्यावर तिने घरातल्या अडगळीच्या खोलीत भिंतींना जुन्या रजया ठोकल्या, माइक आणला आणि अंध श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागली. तेव्हापासून वाचनताई हेच तिचं नाव पडलं. पुस्तकं पेनड्राइव्हवर घालून ती घरोघर पोचवायची.

एका सकाळी काकांचा फोन आला. काका तिचे सगळ्यांत जुने श्रोते, इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर.

"ताई, या खेपेला पुस्तकंच पाठवलीत ना?"

"असं का विचारता?"

"माझा कॉम्प्युटर पडद्यावरचं मला वाचून दाखवतो. तुमच्या प्रत्येक फोल्डरच्या नावापुढे तो 'डॉट ई-एक्स-ई' म्हणतोय. असं शेपूट प्रोग्रॅमला असतं, फोल्डरला नसतं हो! म्हणून मी हातच लावला नाही."

ताईने आपल्या कॉम्प्युटरवर पाहिलं. तेच पिवळे फोल्डर, तीच नावं, शेपूट कुठेच नाही. एकावर क्लिक केलं, तर आतलं पुस्तकही दिसलं. तरी तिला चैन पडेना. शेवटी तिने धाकट्या जावेला बोलावलं. जाऊ कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. दोघींची भेट एरवी लग्नाकार्यापुरतीच.

जावेने आल्या आल्या इंटरनेटची वायर उपटली. मग लपवलेल्या फायली आणि नावांची शेपटं दिसतील असं सेटिंग केलं. पडद्यावर एकेका नावाची जोडी उभी राहिली, एक फिकट, एक टवटवीत.

"फिकट तो तुमचा खरा फोल्डर. टवटवीत तो तोतया. फोल्डरचं चित्र चिकटवलेला प्रोग्रॅम आहे तो. क्लिक केलंत की आधी आपलं काम उरकतो, मग खरा फोल्डर उघडून देतो. संशयाला जागाच नको!"

"कसलं काम?"

"आपली प्रत सिस्टिमच्या फायलींत दडवतो, नावही साळसूद घेतो. कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप जागं व्हायची सोय करतो. मग पेनड्राइव्हची वाट बघत बसतो." तिने जवळचा एक पेनड्राइव्ह लावून दाखवला. बघता बघता त्यातल्या एकुलत्या फोल्डरलाही जुळा भाऊ झाला.

"आणि माझी पुस्तकं गेली?"

"नुसती लपवलीत त्याने, खाल्ली नाहीत."

ताईने श्रोत्यांची यादी काढली. "अगं, मीच घरोघर हा रोग वाटत फिरले."

जावेने रेकॉर्डिंगं तेवढी तपासून बाजूला काढली आणि कॉम्प्युटरमधलं बाकी सगळं पुसून तो नव्याने भरायला घेतला. "एकदा घुसलेल्याचा काय भरवसा?" ताईने फोन उचलला आणि एकेका श्रोत्याला आपली चूक सांगितली. एक जण चांगलाच तडकला. बाकीच्यांनी हसून पेनड्राइव्ह बाजूला ठेवले. दोघांचे कॉम्प्युटर बाधले होते; त्यांच्याकडे दोघी जावा मिळून गेल्या आणि साफ करूनच परतल्या. काकांना तर ताईने गळ घातली, "यापुढे माझा प्रत्येक पेनड्राइव्ह आधी तुमच्या कानांखालून जाणार."

"आनंदाने! म्हणजे नवं पुस्तक सगळ्यांआधी मला," काका म्हणाले.

त्या पहिल्या दिवशी कॉम्प्युटर भरत असताना जाऊ आपल्या लॅपटॉपवर हेडफोन लावून ताईची रेकॉर्डिंगं नीट वाजतात का ते तपासत होती. तपासता तपासता एका कादंबरीत अडकली. रेकॉर्ड केलेलं शेवटचं प्रकरण संपलं, तशी तिने हेडफोन काढले.

"ताई, पुढे काय होतं?"

"पुढचं अजून वाचायचंय."

"मग वाचा की! मी इथे गुपचूप बसते."

ताईने जावेला आत ठेवूनच खोलीचं दार लावून घेतलं आणि पुस्तक उघडलं.