शेवटचं पान डिपॉझिट

लीलाबाईंनी माझ्या पुस्तकाचं शेवटचं पान फाडून स्वतःजवळ ठेवलं होतं.
ते परत न देताच आज सकाळी गेल्या.

वरोऱ्याच्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हा रडू आलं नाही. आधी पान आठवलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धान कापून झालं की आमच्यासारखी आरमोरीकडची घरं वरोऱ्याच्या वीटभट्टीवर कामाला यायची. मी नऊ वर्षांची.

दर रविवारी दुपारी लीलाबाई सायकल ढकलत भट्टीवर. कॅरिअरला पत्र्याची पेटी, पेटीत गोष्टीची पुस्तकं. आम्हा पोरांसाठी. फुकट.

तिथंच सगळ्यांना डाऊट आला.

"ते बाई पोरायचे नावं काऊन लिहून राह्यली?" बाबा म्हणाले.

मुकादम त्याहून वरचा. "पुलाच्या पायव्यात पोरगं पुरावं लागते. हे बाई पोरं हेरून राह्यली."

आम्ही विटांच्या थप्पीआडून पाहायचो, तिच्या पिशवीत दोरी आहे का.
दोरी नव्हती. फुटाणे होते. संशय आणखी वाढला.

तरी मी एक पुस्तक घेतलंच. हरवलेल्या बकरीची गोष्ट. एका दमात वाचली. बकरी नदीपाशी पोचली, आणि पुढचं पानच नाही. पट्टी लावून फाडलेलं.

धावत गेले. बाई पेटी बांधत होत्या.

"बाई, पान कोनं फाडलं?"
"मीच."
"काऊन?"
"डिपॉझिट. गावातल्या लायब्ररीत पैसे ठेवा लागते. तुह्यापाशी आहे काय?"
"नाई."
"म्हणून पान माह्या घरी. पुढच्या रविवारी तू पुस्तक आण, मी पान आणतो. इथीच बसून शेवट वाच."
"म्हणजे तुमचा आमच्यावर भरोसा नाई."
बाई हसल्या. "तुहा आहे काय व माह्यावर?"
"नाई."
"मंग? बराबरी झाली."

शुक्रवारी बाबांचं मुकादमाशी वाजलं. भर दुपारी सामान ट्रॅक्टरवर टाकून आम्ही चंद्रपूरच्या पलीकडच्या भट्टीवर. पुस्तक मायच्या पिठाच्या डब्यात तसंच आलं.

रविवारी बाई पान घेऊन आल्या असतील. थप्पीआड डोकावल्या असतील.
पोरगी चोर निघाली, म्हणाल्या असतील.

कॉलेजात असताना एकदा पुस्तक बॅगेत घालून त्यांच्या फाटकापर्यंत गेले. बाई अंगणात त्याच पेटीची कडी ठोकून बसवत होत्या. मी तशीच परतले. "मले माहीतच होतं," म्हणतील ही भीती.
आणि खरं सांगू? शेवट फालतू निघाला तर, हाही डाऊट.

आता मी लिहिते त्या गोष्टी मधेच तुटतात. लोक म्हणतात, प्रयोग आहे.
मी म्हणू देते.

कुणाला ती बकरीची गोष्ट माहीत असेल तर प्लीज, कमेंटमधे शेवट लिहू नका.

बाई, पान तुमच्यापाशीच ठेवा.
डिपॉझिट तुमच्यापाशी आहे तोवर मी चोर नाई.
पुस्तक अजून वाचूनच राह्यली.

सावकाश जा. जय भीम.