अकोला ते रिठद, कोरड्या धोतराने

अकोल्याच्या मोटारअड्ड्यावर सकाळी माझ्या जावयाने मला निरोप दिला तो असा: "मामाजी, अजून महिनाभर राहा. वाटेत काही झालं तर?"

'काही' या शब्दाआड लपण्याची सुशिक्षितांची खोड मला ठाऊक आहे. मी त्याला मोठ्याने सांगितले, "काही म्हणजे धोतर ओले होईल. तसे स्पष्ट बोला." भोवतालचे उतारू हसले आणि जावई पानाच्या दुकानाकडे पाहू लागला.

प्रोस्टेट नावाची गाठ कापून काढल्याला सहा आठवडे झाले होते. गाठ गेली आणि तिच्यासोबत लघवीवरचा माझा ताबाही गेला. शस्त्रवैद्याचा उपदेश असा, की खालचे स्नायू आवळून दहापर्यंत मोजावे, मग सोडावे, असे दिवसभर करावे आणि पाणी भरपूर प्यावे. गळक्या भांड्यात आणखी पाणी ओतण्याचे हे शास्त्र मला इतके हास्यास्पद वाटले, की उपदेशाचा पूर्वार्ध मी मान्य केला आणि उत्तरार्ध फेटाळला. आदल्या संध्याकाळपासून मी पाण्याला स्पर्श केला नव्हता. लंगोटात जुन्या धोतराच्या पाच घड्या होत्या.

तरी जाणे भाग होते. रिठदच्या शिवारातली एक पांदण (शेतावर जाणारी गाडीवाट) एका बड्या शेतमालकाने काट्या लावून बंद केली होती. पलीकडे तीस घरांची शेते. पूर्वी ती वाट सार्वजनिक असल्याचा पंचनामा झाला तेव्हा तो माझ्या हाताने लिहिला गेला. त्या वेळचे पंच सगळे वारले, उरलो मी. माझ्या आजारपणामुळे वाशीमच्या न्यायालयाने दोनदा तारीख पुढे ढकलली होती आणि आता बजावले होते, की तिसऱ्यांदा साक्षीदार हजर नसेल तर पुरावा बंद. शेतमालकाच्या वकिलांनी याच एका गाठीवर भिस्त ठेवलेली होती.

पातूरपर्यंत प्रवास सुसह्य झाला. डोंगर पळसाने पेटले होते. ज्यांना निसर्गाची आवड आहे त्यांनी तो पाहावा. माझे लक्ष रस्त्यातल्या खड्ड्यांकडे होते. पातूरचा घाट चढताना प्रत्येक वळणाला मी आवळून दहा मोजत होतो. घाट संपला तेव्हा दहाचे तीन झाले होते.

मी कंडक्टरला मोटार थांबवायला सांगितले.

"मंधात नाई थांबत, बाबा. आता मेडशीले."

"मी आजारी आहे."

"आमी काय करावं? पहिले थांबवत होतो ना कोठीबी. रिठदच्या कोन्या खडूस म्हाताऱ्यानं वर कागद धाडला, का मोटार ठरल्या ठिकानाबिगर थांबू नोये म्हून. ड्रायव्हरले दंड झाला. तवापासून बंद."

तो अर्ज तीन पानांचा होता. ड्रायव्हरांनी आपल्या सोयऱ्यांसाठी झाडाझाडाखाली मोटार उभी करावी, या अंदाधुंदीवर त्यात मी जे ताशेरे ओढले होते, त्यांतले एकही अक्षर मागे घ्यायला मी आजही तयार नाही. परंतु खोटे बोलणे माझ्याने झाले नाही. "तो अर्जदार मीच," मी म्हणालो.

सगळी मोटार खिदळली. "मंग भोगा ना आता!" मागून कोणी तरी ओरडले.

माझ्या शेजारी मालेगावला निघालेली एक म्हातारी वांग्यांची टोपली घेऊन बसली होती. ती उठून उभी राहिली. "थांबव रे. मले उतराचं हाय."

"मावशी, वरून कागद हाय—"

"ठेव तो खिशात. नाई तं मी इथंच बसन, मंग पुसत राह्य तू."

मोटार थांबली. मी झुडपाआड पोहोचलो, जेमतेम. परत आलो तेव्हा म्हातारी जागची हललीसुद्धा नव्हती. तिला कोठे उतरायचे होते! तिने गडवा (पाण्याचा छोटा तांब्या) माझ्यापुढे धरला.

"प्या, भाऊ. अड्ड्यावर आयकलं मी तुमचं. माह्या मालकाचंबी आपरेशन झालं होतं हे. त्यायनं पानी सोडलं, तं आगीवानी जळे आन् घडीघडी उठे. पेले लागले तवा कुठी बसलं."

शस्त्रवैद्याने जे सांगितले तेच ती सांगत होती, पण तिने ते घरात पाहिले होते. मी गडवा रिकामा केला.

"आन् दुसरा कागद लिहा, बाबा," कंडक्टर म्हणाला, "म्हाताऱ्यायसाठी थांबवा म्हून."

मालेगावला म्हातारी उतरली. तेथील हॉटेलात मी चहा घेतला आणि भजी खाल्ली; चहाला भज्यांची चव होती आणि भज्यांना कशाचीच नव्हती. एवढ्या मोठ्या बाजाराच्या गावी प्रवाशांसाठी एक धड मुतारी नाही. सरकीच्या ढिगामागे जाऊन आलो आणि वेळेवर वाशीमला पोहोचलो.

वकिलांना कोणी तरी सगळे कळवलेले होते. दर चार प्रश्नांनंतर ते मधाळपणे म्हणत, "प्रकृती बरी नाही म्हणे आपली. बाहेर जायचं असेल तर सांगा हो." मी बाहेर गेलो असतो, तर अडचणीच्या प्रश्नाला साक्षीदार पळतो, एवढेच त्यांना लिहून घ्यायचे होते. त्यांनी मला पाणी देवविले. मी ते प्यायलो आणि आणखी मागितले. पिंजऱ्यात उभा राहून मी आवळत होतो, मोजत होतो, सोडत होतो, आणि उत्तरे देत होतो. एक शिंक आली तेव्हा घड्यांनी आपले काम केले. हे लपवण्याचे मला कारण नाही.

शेवटी वकील म्हणाले, "या वयात, या अवस्थेत, इतका जुना पंचनामा तुम्हाला शब्दशः आठवतो?"

"माझी स्मरणशक्ती मूत्राशयात नाही," मी म्हणालो.

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला आणि ते वाक्य नोंदू नये असे सांगितले. ते नोंदले जावे अशी मी विनंती केली. तीही नोंदली गेली नाही. पंचनाम्यावरचे माझे अक्षर मात्र सिद्ध झाले. दोन तास मी उभा होतो.

रिठदहून गणपत बैलगाडी घेऊन आला होता. पांदणीपलीकडे त्याचे शेत आहे. "काका, थांबू काय कुठी?" तो वाटेत तीनदा म्हणाला. तिन्ही वेळा मी त्याला पुढे हाकायला सांगितले.

निकाल लागायचा आहे, आणि तो काय लागेल हे सांगण्याइतका मी भोळा नाही. या प्रवासात मला एवढेच उमगले, की माणसाची लाज ज्याच्या हाती सापडते तो तिचा दोर करतो. आणि ती आपणच मोठ्याने सांगून टाकली, की त्याच्या हाती काही उरत नाही.

दिवस मावळायच्या आत आम्ही त्या काट्यांपाशी आलो. तेथे मी गाडी थांबवायला लावली. "आता काहून, काका? घर तं आलं," गणपत म्हणाला.

निकड मुळीच नव्हती. मी खाली उतरलो आणि शेतमालकाच्या कुंपणाकडे तोंड करून उभा राहिलो. मी सार्वजनिक वाटेवर उभा होतो. तसे मी शपथेवर सांगितलेले आहे. सुरुवात माझ्या मर्जीने झाली, आणि शेवटही.