मेलेला माणूस ताजा दिसतो, अशी तक्रार

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माणिकपूरला एक वयस्क प्रिंटर काळ्या-पांढऱ्या फोटोंचे मोठे प्रिंट हाताने काढत. वर्तमानपत्राच्या कामामुळे माझे तिथे जाणे असे. सांडोरच्या एका केळीबागायतदाराच्या अंत्यविधीचा फोटो मीच काढला होता. तिथल्या ख्रिस्ती घरांत मृतदेह चर्चमध्ये नेण्याआधी सगळे कुटुंब उघड्या पेटीभोवती उभे राहून फोटो काढून घेते. एकमेकांशी न बोलणारे तीन मुलगे त्या दिवशी एका चौकटीत आले. म्हणून त्यांच्या आईला तो फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावायचा होता.

प्रिंटरना एक सवय होती. आतल्या अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश पडत असताना ते चेहऱ्याच्या वर तळहात हलता धरत. सावली पडते तो भाग उजळ राहतो. वर्षानुवर्षे त्यांनी असे नवरदेव उजळवले होते. पेटीतल्या माणसालाही त्यांनी तीच सवलत दिली.

प्रिंट बघायला आई आणि तिघे मुलगे आले. थोरला म्हणाला, "काका, बाबा एकदम ताजे वाटतात. मेल्यासारखे तर आम्ही दिसतोय."

"चेहरा उठून दिसायला नको?"

"आता उठून बसतीलसं वाटतंय! महिन्याच्या मिस्साला, प्रार्थनेला लोक घरी येणार. जिवंत पुरला म्हणतील."

दुसऱ्या प्रिंटला प्रिंटरनी हात लावला नाही. गालांचे खड्डे आणि नाकातला कापूस स्पष्ट आला. आईने तो बराच वेळ पाहिला.

"एवढे नव्हते हो मेले ते."

तिसरा प्रिंट मधला काढला. तो थोरल्याला फार जिवंत वाटला, आईला फार मेलेला. "नाक राहू द्या, गाल थोडे मारा," असे धाकट्याने सुचवले. मधल्याने त्याला विरोध केला. तिघे भाऊ कितीतरी वर्षांत प्रथमच एकमेकांशी बोलत होते. विषय एवढाच की वडील किती मेलेले असावेत.

शेवटी प्रिंटर आईला म्हणाले, "बाई, आत चला. हात तुम्हीच धरा. हलता ठेवा, नाहीतर कडा उमटते."

लाल दिव्याखाली बाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याच्या वर हात धरला. हवेतच त्या तो गोंजारल्यासारखा फिरवत होत्या, मनगट मात्र एकाच जागी होते. प्रिंटर आकडे मोजत होते. बारावर ते "काढा" म्हणाले. हात निघाला विसावर.

ओला प्रिंट ट्रेमधून बाहेर आणला. पेटीतला चेहरा शांत होता, गाल बसलेले, पण ओळखीचा. बाईंच्या मनगटाची सावली मात्र पेटीच्या उशाशी उभ्या मधल्या मुलावर पडली होती. त्याचे तोंड पांढरेफटक आले होते. नाक शोधावे लागत होते.

"आई, मला पुसलंस की गं!"

"पुन्हा काढू या," थोरला म्हणाला.

"नको. हाच द्या," बाई म्हणाल्या.

"आणि मी?"

"तू आहेस ना जिवंत. तुला लोक रोज बघतात."

प्रिंटरनी प्रिंट धुवायला टाकला.